प्रत्येक जॉबला डिस्कचा स्वतंत्र वाटा मिळावा : सामायिक क्लस्टरांच्या व्यवस्थापकांस खुले पत्र

प्रति,
गोवा व महाराष्ट्रातील विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्या सामायिक क्लस्टरांचे व्यवस्थापक, तसेच त्या संस्थांच्या संगणक समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,



अनेक अभ्यासकांनी मिळून वापरायच्या संगणकसमूहाला क्लस्टर म्हणतात. त्यातील प्रत्येक स्वतंत्र यंत्र म्हणजे नोड, अभ्यासकाने रांगेत सोडलेले काम म्हणजे जॉब आणि कोणता जॉब कोणत्या नोडवर केव्हा चालेल हे ठरवणारी प्रणाली म्हणजे शेड्यूलर. हे सारे आपणास नित्याचे आहे. तरीही ते येथे लिहिले आहे, कारण हे पत्र आपल्याबरोबरच आपल्या क्लस्टरवर पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्यानेही वाचावे अशी इच्छा आहे, आणि पत्रातील तक्रारीचा सर्वाधिक भार त्याच्यावरच पडतो. तक्रार एका वाक्यात सांगता येते : बहुतेक क्लस्टरांवर प्रोसेसर आणि मेमरी जॉबनिहाय मोजून दिली जाते व मोजूनच वापरू दिली जाते, मात्र नोडवरची डिस्क कोणीही कितीही वापरावी अशी मोकळी सोडलेली असते.

या प्रश्नाला आता गोव्यातही महत्त्व आले आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियानाला मंजुरी दिली, त्यासाठी सात वर्षांत ४,५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली आणि पुण्याचे सी-डॅक व बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्यावर त्याची अंमलबजावणी सोपवली. त्याच अभियानातील प्रशिक्षणाच्या नोडल केंद्रांत खरगपूर, मद्रास व पालक्काड यांच्याबरोबर गोव्याच्या आयआयटीचाही समावेश झाला. त्यामुळे पेडणे किंवा डिचोली तालुक्यातून फर्मागुडी, ताळगाव, झुआरीनगर किंवा कुंकळ्ळी येथे शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात क्लस्टर ही ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. शिवाय त्याच्या गावचे प्रश्नही मोठ्या गणनाचे आहेत. २३ जुलै २०२१ च्या पुरात सत्तरीबरोबर डिचोली व पेडण्यातही पाणी शिरले, त्या पावसाचे प्रतिमान उभे करणे, डिचोलीच्या खाणपट्ट्यातील पाण्याने भरलेल्या खंदकांचा आसपासच्या विहिरींशी असलेला संबंध तपासणे, मोपाच्या जांभ्या सड्यावरून उतरणाऱ्या पाण्याची वाट शोधणे, मोरजी-केरीच्या किनाऱ्याची हालचाल मोजणे, यांतील एकही काम घरच्या लॅपटॉपवर पुरे होणारे नाही.

अशा प्रत्येक कामाला गणन चालू असताना तात्पुरती जागा लागते. क्वांटम रसायनशास्त्रातील गाउसियन हा प्रोग्रॅम मेमरीत न मावणारी मध्यंतरीची समाकले (इंटिग्रल) डिस्कवर लिहितो, आणि रेणू थोडा मोठा झाला की ही फाइल शेकडो जीबीपर्यंत वाढते. जनुकीय क्रमांची मोठी फाइल क्रमवार लावून घेताना तिचे तुकडे आधी डिस्कवर पडतात. हवामानाचे प्रतिमान दर तासाची स्थिती लिहून ठेवते. कंटेनरची प्रतिमा उलगडताना ती बहुधा टीएमपी या सर्वांच्या सामायिक तात्पुरत्या निर्देशिकेतच उलगडते. कोसळलेला प्रोग्रॅम मेमरीची संपूर्ण प्रत कोअर फाइल म्हणून मागे टाकतो ते निराळेच. नोडवरची ही जागा भरली की तिथे चालू असलेल्या प्रत्येक जॉबचे लेखन त्याच क्षणी थांबते. ज्याने जागा भरली त्याचा जॉब कदाचित पुढे निभावतो, कारण त्याचे लेखन आधीच पुरे झालेले असते, आणि ज्याला दोन जीबी हवे होते त्याचा दीड दिवस चाललेला जॉब ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ एवढा संदेश देऊन मरतो. हा संदेश वाचून विद्यार्थी स्वतःचा प्रोग्रॅम तपासतो, मार्गदर्शक विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमवर संशय घेतात, जॉब पुन्हा रांगेत जातो, आणि ज्या नोडवर हे घडले तिथला कचरा तसाच राहिला असेल तर दुसऱ्या वेळीही तेच होते. दुसऱ्याच्या अतिक्रमणाने आपले काम बुडाले हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग आज उपलब्ध नाही, आणि या पत्रातील नाराजीचे मूळ येथे आहे.

यावर अनेक केंद्रांकडून मिळणारे उत्तर असे, की प्रत्येक वापरकर्त्याला डिस्कचा कोटा आहेच. कोट्याची ही पद्धत १९८३ च्या बीएसडी युनिक्सइतकी जुनी आहे. तिच्यात प्रत्येक वापरकर्त्याला एक सौम्य मर्यादा असते, जी ठरावीक मुदतीपुरती ओलांडता येते, आणि एक कठोर मर्यादा असते, जिच्यापुढे एकही बाइट लिहिता येत नाही. माणूस यंत्रावर बसून आपल्या घरच्या निर्देशिकेत फाइली साठवतो, त्या महिनोन्महिने राहतात, अशा वापरासाठी ती योग्य होती आणि आजही आहे. क्लस्टरवरचा तात्पुरता वापर मात्र माणसाच्या नावे होत नाही, तो जॉबच्या नावे होतो. एकाच विद्यार्थिनीचे वीस जॉब एकाच वेळी चालू असतात, आणि त्यांतील एक बिघडून तिचा सगळा कोटा खाऊन बसला तर उरलेले एकोणीस निरपराध जॉब त्याच्याबरोबर बुडतात. उलट, चार वापरकर्त्यांचे जॉब एका नोडवर आले आणि प्रत्येकाचा कोटा नोडच्या डिस्कएवढाच असला, तर कोणीही मर्यादा न ओलांडता डिस्क भरते. लहान महाविद्यालयांना पुष्कळदा सर्व विद्यार्थ्यांत मिळून एकच खाते दिले जाते, त्या ठिकाणी तर वापरकर्तानिहाय कोटा म्हणजे संपूर्ण वर्गाला मिळून एक ताट होय.

तिळारीच्या कालव्याचे पाणी घेणाऱ्या पेडणे-डिचोलीच्या शेतकऱ्याला ही उणीव लगेच समजेल. त्याच्या नावावर वर्षाला किती पाणी आहे एवढे कागदावर लिहून शेवटच्या टोकाच्या शेतात पाणी पोहोचत नाही. या पाळीला, या मोरीतून, इतका वेळ पाणी सुटेल असे ठरावे लागते आणि पाळी संपताच मोरी बंद व्हावी लागते. जॉबला नेमका आरंभ आहे आणि नेमका अंत आहे. मर्यादाही त्या आरंभाबरोबर लागू व्हावी आणि त्या अंताबरोबर संपावी, एवढीच मुख्य मागणी आहे.

मागणीच्या तपशिलात जाण्यापूर्वी तीन गैरसमज दूर होणे आवश्यक आहे, कारण त्यांच्यामुळे व्यवस्था आधीच आहे असे समित्यांना वाटत राहते. पहिला गैरसमज स्लर्म या प्रचलित शेड्यूलरमधील टीएमपी या पर्यायाविषयी आहे. जॉब सोडताना हा पर्याय देऊन पन्नास जीबी मागितले तर स्लर्म ज्याच्या नोंदीत किमान तेवढी तात्पुरती डिस्क लिहिलेली आहे असा नोड निवडतो, पण ती जागा राखून ठेवत नाही, आधीच्या जॉबने किती वापरली हे वजा करत नाही आणि मागितल्यापेक्षा जास्त वापरणाऱ्याला अडवतही नाही. दुसरा गैरसमज प्रत्येक जॉबला खासगी टीएमपी देणाऱ्या प्लगइनविषयी आहे. त्याने एका जॉबच्या फाइली दुसऱ्याला दिसेनाशा होतात आणि जॉब संपल्यावर त्या पुसल्याही जातात, ही मोठी सोय आहे व ती सर्वत्र असावी, परंतु आकाराची मर्यादा त्यात आपोआप येत नाही. भिंत उभी राहते, पण पायाखालची डिस्क एकच राहते. तिसरा गैरसमज काही ठिकाणी टीएमपी मेमरीतच ठेवण्याचा जो उपाय करतात त्याविषयी आहे. तिथे लिहिलेला प्रत्येक बाइट जॉबच्या मेमरीत मोजला जातो, त्यामुळे मर्यादा लागू होते खरी. मात्र ज्या कामांना डिस्क लागते ती मेमरीत न मावणारीच असतात, आणि मर्यादा ओलांडली की लेखन नाकारले जाण्याऐवजी संपूर्ण जॉबच मारला जातो.

प्रोसेसर आणि मेमरी यांना जॉबनिहाय लगाम घालणारी लिनक्समधील सोय म्हणजे सीग्रुप. ती डिस्कवरील वाचन-लेखनाचा वेगही आवरू शकते, पण डिस्कवर किती जागा व्यापली हे ती पाहत नाही. ते काम फाइलप्रणालीचे आहे. सुदैवाने फाइलप्रणालींत त्यासाठीची तरतूद पूर्वीपासून आहे. वापरकर्ता व गट यांच्याबरोबर प्रकल्प नावाचा कोट्याचा तिसरा प्रकार आहे : एखाद्या निर्देशिकेला एक क्रमांक द्यायचा, तिच्यात निर्माण होणाऱ्या प्रत्येक फाइलने तो क्रमांक वारसाहक्काने घ्यायचा, आणि त्या क्रमांकाखालील एकूण जागेला मर्यादा लावायची. एक्सएफएस या फाइलप्रणालीत हा प्रकार फार जुना आहे. ईएक्सटी४ मध्ये तो २०१६ च्या ४.५ या कर्नलपासून आला. म्हणजे आपल्या नोडवर आज जी फाइलप्रणाली आहे तिच्यात तो बहुधा आहेच, आणि त्यासाठी नवे काही विकत घेण्याची गरज नाही.

पहिली विनंती त्यामुळे अशी, की प्रत्येक नोडवर तात्पुरत्या जागेसाठी स्वतंत्र विभाजन करावे आणि ते प्रकल्प-कोटा चालू करून जोडावे. मूळ विभाजनावरच ही व्यवस्था करू गेल्यास एक्सएफएसला तो पर्याय यंत्र सुरू होतानाच सांगावा लागतो, आणि शिवाय जॉबच्या फाइलींनी मूळ विभाजन भरले तर नोडच आजारी पडतो. म्हणून वेगळेपण हवे. त्यानंतर शेड्यूलरच्या प्रोलॉगमध्ये, म्हणजे जॉब सुरू होण्यापूर्वी नोडवर प्रशासकाच्या अधिकाराने चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, जॉबच्या क्रमांकाची निर्देशिका तयार करावी, तोच क्रमांक तिला प्रकल्पक्रमांक म्हणून द्यावा आणि कठोर मर्यादा लावावी. जॉबनंतरच्या एपिलॉगमध्ये निर्देशिका पुसून मर्यादा काढून टाकावी. अनुभवी व्यवस्थापकांना यातील खाचखळगे माहीत आहेत, तरी नव्यांसाठी ते सांगणे इष्ट. स्लर्मचा प्रोलॉग मूळ मांडणीत नोडवर जॉबची पहिली पायरी सुरू होतानाच चालतो, त्यामुळे अनेक नोड घेणाऱ्या जॉबसाठी तो जागा दिल्याक्षणी चालेल अशी मांडणी करावी लागते. तात्पुरत्या निर्देशिकेचा पत्ता जॉबच्या पर्यावरणात घालण्याचे काम प्रोलॉग करू शकत नाही, ते टास्क-प्रोलॉगकडे द्यावे लागते. आणि प्रोलॉग अपयशी ठरला तर स्लर्म तो नोड वापरातून काढून घेतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रत्येक अडचणीचा विचार आधी झालेला असावा.

या उपायाची एक मर्यादाही प्रांजळपणे मांडली पाहिजे. फाइलचा मालक आपल्या फाइलीचा प्रकल्पक्रमांक स्वतः बदलू शकतो, त्यामुळे जाणूनबुजून मर्यादा चुकवणाऱ्याला ही व्यवस्था पुरती रोखत नाही. तशी शंका असेल तर त्याच विभाजनावर वापरकर्तानिहाय कोट्याचे बाहेरचे कुंपणही ठेवावे, किंवा प्रत्येक जॉबला नेमक्या आकाराचे स्वतंत्र लहान विभाजनच तयार करून द्यावे. मात्र क्लस्टरवर डिस्क भरण्याचे बहुतेक प्रसंग अजाणतेपणाचे असतात : एखादा लूप थांबत नाही, एखादा लॉग वाढत राहतो, कोणी मध्यंतरीच्या फाइली पुसायला विसरतो. अशा चुकांसाठी प्रकल्प-कोटा पूर्ण पुरेसा आहे.

दुसरी विनंती शेड्यूलरच्या हिशेबाची आहे. मर्यादा लावणे आणि जागा राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक केली व दुसरी केली नाही तर फसगत होते. नुसती मर्यादा लावली आणि मर्यादांची बेरीज डिस्कच्या आकाराहून मोठी होऊ दिली, तर पुन्हा पहिलाच प्रसंग उभा राहतो. म्हणून तात्पुरती डिस्क ही स्लर्ममध्ये मोजता येणारे सामान्य संसाधन म्हणून नोंदवावी, जेणेकरून दिलेली जागा शिल्लकीतून वजा होईल आणि पुरेशी शिल्लक नसेल तर जॉब रांगेत थांबेल. ज्याने काहीच मागितले नाही त्याला कोअरच्या प्रमाणात वाटा मिळावा. समजा नोडला ४८ कोअर आहेत आणि तात्पुरत्या विभाजनात ९६० जीबी आहेत, तर कोअरमागे २० जीबी येतात व चार कोअरच्या जॉबला न मागता ८० जीबी मिळतात. ज्याला ३०० हवे आहेत त्याने ते स्पष्ट मागावेत आणि त्यासाठी थोडे थांबावे. मोठे काम करणाऱ्यांवर अन्याय होईल अशी भीती समित्यांच्या बैठकीत व्यक्त होते, पण आज मोठ्या कामालाच सर्वांत कमी शाश्वती आहे, कारण ३०० जीबी लागणारा जॉब सुरू होताना डिस्कवर तेवढी जागा असेल आणि शेवटपर्यंत राहील याची हमी कोणीच देत नाही.

तिसरी विनंती लहान दिसते, पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिचे मोल पहिल्या दोन विनंत्यांपेक्षा कमी नाही. एक्सएफएसवर प्रकल्पाची मर्यादा संपली की प्रोग्रॅमला कोटा संपल्याचा संदेश मिळत नाही, तर डिस्कच भरल्याचा संदेश मिळतो. ईएक्सटी४ मात्र कोटा संपला असे नीट सांगते. म्हणजे नव्या व्यवस्थेत दोष स्वतःच्याच जॉबचा असतानाही विद्यार्थी केंद्राला दोष देत राहील, जसा आज दोष दुसऱ्याचा असताना तो स्वतःला देतो. यासाठी एपिलॉगने निर्देशिका पुसण्यापूर्वी तिचा वापर मोजावा आणि मर्यादा गाठली गेली असल्यास जॉबच्या अहवालात साध्या शब्दांत लिहावे, की या जॉबला इतकी जागा दिली होती, ती सर्व वापरली गेली, पुढच्या वेळी अधिक मागावी. जॉब चालू असतानाही जागा तपासता येते, कारण प्रकल्प-कोटा असलेल्या निर्देशिकेत डीएफ ही आज्ञा दिली की ती संपूर्ण डिस्कचा आकार न दाखवता त्या जॉबचीच मर्यादा व शिल्लक दाखवते. हे एवढे जरी माहितीपत्रकात छापले तरी कित्येक रात्रींचे गणन वाचेल.

फाइलींच्या संख्येलाही मर्यादा हवी. प्रत्येक फाइलीमागे फाइलप्रणाली आयनोड नावाची एक नोंद ठेवते. कोकणी-मराठी उच्चारांच्या लाखो छोट्या ध्वनिफिती किंवा प्रतिमांचे लाखो तुकडे उलगडणारा जॉब थोड्याशा जीबीतही अशा नोंदी संपवू शकतो, विशेषतः ईएक्सटी४ वर, जिथे त्यांची संख्या विभाजन तयार करतानाच ठरते. प्रकल्प-कोट्यात ही मर्यादा जागेच्या मर्यादेशेजारीच लावता येते.

नोडच्या बाहेरची, सर्व नोडना दिसणारी स्क्रॅच नावाची सामायिक साठवण हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. मोठ्या क्लस्टरांवर ती पुष्कळदा लस्टर या समांतर फाइलप्रणालीवर असते, आणि लस्टरमध्येही २०१७ च्या २.१० आवृत्तीपासून प्रकल्प-कोटा उपलब्ध आहे. तिथे मर्यादेचा हिशेब अनेक सर्व्हरांत वाटलेला असल्याने तो शेवटच्या बाइटपर्यंत काटेकोर नसतो, त्यामुळे जॉबनिहाय मर्यादेपेक्षा संशोधनप्रकल्पनिहाय मर्यादा तिथे अधिक योग्य ठरते. याच जागेत जुन्या फाइली आपोआप पुसण्याचा नियमही असतो आणि तो आवश्यक आहे, यात वाद नाही. पण पुसण्याची तारीख शेवटच्या बदलावरून ठरवली जात असेल, तर टार संग्रह उलगडून आज सकाळी आणलेली फाइल तिची मूळ, दोन वर्षांपूर्वीची तारीख घेऊन येते आणि आज रात्रीच पुसली जाते. नियम लिहिताना हे लक्षात घ्यावे आणि पुसण्यापूर्वी फाइलींची यादी मालकाला कळवावी.

आता संगणक समित्यांना वेगळे सांगणे आहे. वरील सारे काम व्यवस्थापकांच्या कौशल्याबाहेरचे नाही. मात्र अनेक केंद्रांवर एकच व्यक्ती वातानुकूलन, वीज, नेटवर्क, परवाने आणि वापरकर्त्यांच्या शंका सांभाळते, आणि तिने सुटीच्या दिवशी बसून अशा स्क्रिप्ट लिहाव्यात अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. निविदेत कोअर, मेमरी व जीपीयू यांचे आकडे बारकाईने लिहिले जातात. त्याच निविदेत नोडवर तात्पुरत्या विभाजनासाठी किती डिस्क असेल, तिच्यावर जॉबनिहाय मर्यादा कशी लागेल आणि पुरवठादाराने ती यंत्रणा चालवून दाखवल्याखेरीज देयक मंजूर होणार नाही, हेही लिहिले जावे. व्यवस्थापकाच्या मदतीला आणखी एक प्रशिक्षित व्यक्ती नेमणे हा खर्च क्लस्टरच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ आहे.

शेवटची विनंती भाषेची व प्रशिक्षणाची आहे. वीर्नोडा किंवा डिचोलीच्या महाविद्यालयातून, मयेच्या तंत्रनिकेतनातून पुढे आलेला विद्यार्थी शेड्यूलरचे इंग्रजी माहितीपत्रक वाचू शकतो, पण तात्पुरती जागा, राखीव जागा आणि मर्यादा यांतील फरक त्याला पहिल्या दिवशी आपल्या भाषेत समजावला तर त्याच्या हातून डिस्क भरण्याचे प्रसंगच घटतील. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीच्या शासकीय वापरालाही मान्यता दिली. त्याच आधारावर क्लस्टरच्या प्रवेशपानासोबत कोकणी आणि मराठीतील एक-एक पान द्यावे. त्यात जॉबच्या स्क्रिप्टचा एक पूर्ण नमुना असावा : जागा कशी मागायची, दिलेल्या निर्देशिकेत काम कसे करायचे, शिल्लक कशी पाहायची आणि निकाल जॉब संपण्यापूर्वी घरच्या निर्देशिकेत कसे हलवायचे. हे शेवटचे विशेष ठळक छापावे, कारण एपिलॉग एकदा चालला की तिथले काहीच परत मिळत नाही. प्रशिक्षणवर्गात हाच नमुना विद्यार्थ्यांकडून मुद्दाम मर्यादा ओलांडून चालवून घ्यावा, म्हणजे तो संदेश त्यांना एकदा सुरक्षितपणे पाहायला मिळेल.

आपल्या केंद्रावर यांपैकी काही आधीच लागू असेल, तर त्या स्क्रिप्ट इतर केंद्रांना खुल्या कराव्यात; ज्या केंद्रांवर नसेल, त्यांनी पुढील देखभालीच्या दिवशी निदान एका नोडवर हा प्रयोग करून पाहावा आणि त्याचे निष्कर्ष वापरकर्त्यांना कळवावेत, ही आग्रहाची विनंती.

आपला विश्वासू,
सामायिक क्लस्टरचा एक वापरकर्ता
डिचोली, गोवा